पाव्हणं, आज किती?

"कावळ्याशी बोल," आई म्हणाली.

"कुणाशी?"

"कावळ्याशी. समोर बाभळीवर बसलाय. मी फोन तिकडं धरते."

मी पुण्यात होतो, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत भाड्यानं घेतलेल्या खोलीत, पलंगावर मांडी घालून. आई बार्शीच्या पुढं एका गावात, ओढ्याकाठी उभी होती. मध्ये व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी आईची हनुवटी दिसली, मग आभाळ, मग कुणाच्या तरी चपला, मग एक सपाट दगड. दगडावर भाताचे पिंड, त्यावर झेंडूची फुलं, शेजारी केळीच्या पानावर वाढलेलं जेवण आणि काचेच्या ग्लासात उसाचा रस. दहाव्याला उसाचा रस मी पहिल्यांदाच पाहत होतो. कावळेही पहिल्यांदाच पाहत असावेत, कारण ते लांब बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

"पण बोलू काय?"

"थांब, आप्पा सांगतायत."

आप्पा म्हणजे गेलेल्या माणसाचे थोरले भाऊ. त्यांनी फोन इतका जवळ घेतला की मला नुसती मिशी दिसायला लागली.

"हे बघ पोरा," मिशी म्हणाली, "सकाळधरनं बसलोय. समदं बोलून झालं. दशरथ दुकान चालवंल म्हणलं, धाकटीचं लगीन लावून देऊ म्हणलं, रसाचं मशीन इकनार न्हाई म्हणलं. कावळा हलंना. आमच्या निवृत्तीचा जीव एकाच जागी अडकलाय, आन् ती जागा तुझ्या पोटात हाय. तवा आता तूच बोल. आन् ते तोंडावरचं काढ की! कावळ्यानं वळखायचं कसं?"

मी तोंडाला हात लावला. खोलीत मी एकटा होतो, दार बंद होतं, खिडकी बंद होती, आणि फोन उचलण्याआधी मी मास्क लावला होता.

इथं थोडं मागं जायला हवं, नाही तर कावळ्याशी माझा संबंध काय ते कळणार नाही.

निवृत्ती लोंढे मला सोलापूरच्या डायलिसिस सेंटरमध्ये भेटले. मी सव्वीस वर्षांचा, ते पन्नाशीचे. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. का गेल्या, हे डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही. "होतं कधी कधी," ते म्हणाले, एसटीत छत्री विसरल्यासारखं. माझा पलंग खिडकीजवळ, लोंढ्यांचा त्याला लागून. हातात सुया, अंगातलं रक्त मशीनमधून फिरून परत अंगात, आणि तासन् तास छताकडं बघणं. छतावर एक पंखा होता. त्याच्याबद्दल मला अजूनही बरंच काही माहीत आहे.

लोंढ्यांची बार्शी रस्त्यावर रसवंती होती. डायलिसिसवाल्याला दिवसभरात पाणी मिळतं ते कपानं मोजून. त्यातच चहा धरायचा, आमटी धरायची, गोळी गिळायचा घोटही धरायचा. आणि हा माणूस सकाळपासून घुंगरं वाजवत दुसऱ्यांना ग्लास भरभरून रस देत होता.

"तुम्हाला त्रास नाही होत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"न्हाई. बघून गार वाटतं," ते म्हणाले. "तू काय करतोस?"

"सिमेंटच्या डीलरकडं बिलं बनवतो."

"मग बरंय. कोरडा धंदा."

तेव्हापासून आमची मैत्री. माझे बाकीचे मित्र तोवर पातळ होत चालले होते. त्यांना दोष नाही. सुरुवातीला त्यांनी माझ्यासाठी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला होता, 'शार्दूल, आम्ही आहोत'. त्यावर रोज सूर्योदयाचे फोटो यायचे. मग क्रिकेट यायला लागलं. एक दिवस कुणीतरी ग्रुपचं नाव बदलून 'गोवा फायनल' केलं. मला मात्र कुणी काढलं नाही, एवढा चांगुलपणा होता. ते सगळे गोव्याला जाऊन आले ते मी त्या पंख्याखाली पडून पाहिलं.

आईला मला किडनी द्यायची होती. पण तिचा रक्तगट बी आणि माझा ए, जमत नव्हतं. लोंढ्यांच्या बायकोला, म्हणजे कलावतीकाकींना, नवऱ्याला द्यायची होती. काकींचा गट ए आणि लोंढ्यांचा बी. आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून वर्षभर या विषयावर एकमेकांचं सांत्वन करत होतो आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मग एकदा आई आणि काकी बाहेरच्या बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. काकी म्हणाल्या, "बाई, तुमची माझ्या मालकाला, माझी तुमच्या पोराला. साटंलोटं करून टाकू."

साटंलोटं म्हणजे यांची मुलगी त्यांच्या घरात द्यायची आणि त्यांची मुलगी यांच्या घरात आणायची. आमच्या भागात पूर्वी अशी लग्नं पुष्कळ व्हायची. डॉक्टरांकडं यासाठी एक इंग्रजी शब्द होता आणि पुण्यात एक समितीही होती. समितीनं लोंढ्यांना विचारलं, "तुमचं आणि या मुलाचं नातं काय?"

"पाव्हणं हायेत," लोंढे म्हणाले.

"कसे पाहुणे?"

"साटंलोटं केलंय की."

समिती खुर्च्यांत सरसावून बसली. इथं लग्न कुणाचंच नाही हे पटवून द्यायला आईला शाळेतला आवाज काढावा लागला. ती मास्तरीण होती.

एकाच दिवशी चौघांना आत नेलं. आईची किडनी भिंतीपलीकडं गेली, काकींची अलीकडं आली. जुन्या दोन काढत नाहीत. त्या जागच्या जागी बसून राहतात, घरातल्या रिटायर माणसांसारख्या. नवी पुढच्या बाजूला, ओटीपोटात. हात ठेवला की जाणवते.

शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा पाणी दिलं ते ग्लासभर. मी ते हातात घेऊन बसून राहिलो. नर्स म्हणाली, "प्या की." मी म्हटलं, "सगळं?"

पुढचे काही महिने हॉस्पिटलजवळ राहायचं होतं. शरीरानं नवी किडनी परकी म्हणून हाकलू नये यासाठी ज्या गोळ्या देतात, त्या शरीराचे सगळे पहारेकरी झोपवून टाकतात. म्हणून मग गर्दी नको, पाहुणे नकोत, बाहेरचं खाणं नको, कुंडीतली माती नको, मांजर नको. माझ्याकडं मांजर नव्हतं, पण ते नको म्हटल्यावर चुकल्याचुकल्यासारखं झालं. गोळ्यांनी चेहरा फुगून भाकरीएवढा झाला आणि हात असे थरथरायचे की दाढी करताना मी आरशाची माफी मागायचो. आई पलीकडच्या खोलीत झोपायची आणि दारात उभी राहून बोलायची. तिचंही पोट शिवलेलं होतं. आम्ही दोघं एकमेकांना हसवायचं नाही, असं ठरवलं होतं. टाके दुखायचे.

लोंढे नवराबायको गल्लीच्या समोरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. भेटायची बंदी. मग रोज सकाळी आम्ही दोघं मास्क लावून आपापल्या गॅलरीत यायचो, हात करायचो, आणि फोन लावायचो.

"काय पाव्हणं, आज किती?"

आता हे काय मोजायचं, ते सांगतो. किडनी चालतेय की नाही हे कळायला रोजची लघवी मोजायची असते. हॉस्पिटलनं दोघांनाही एकेक मापाचा जग दिला होता. ज्या माणसाला वर्षभर लघवीच झालेली नाही, त्याला त्या जगाचं काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळणार. रोज सकाळी दोन मोठी माणसं गल्लीच्या आरपार आपापल्या आकड्याची फुशारकी मारायची. मी सांगितला त्यापेक्षा लोंढ्यांचा आकडा कायम थोडा जास्त असायचा. मी दुसऱ्या दिवशी पाणी वाढवायचो. ते आणखी पुढं जायचे.

"पाव्हणं, एवढं पाणी काल तुम्ही प्यालाच नव्हतात. मग आलं कुठून?"

"मास्तरीणबाईंची किडनी हाय. पदरचं घालती."

"नळाचं घालता तुम्ही, जगात."

"मग काय तुझ्याकडनं हरू? तुझ्यात आमची कली हाय. ती मोजूनमापूनच देणार. रसात बर्फ टाकती तो बी मोजून."

पलीकडून काकींचा आवाज यायचा, "फोन ठिवा आन् गोळ्या घ्या."

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या बरंच आधी लोंढे गावी गेले. दुकान पोरावर, दशरथवर, किती दिवस सोडायचं, म्हणाले. जाताना त्यांनी गॅलरीतून रिकामा जग उंचावून दाखवला, सामना जिंकल्यावर कप दाखवतात तसा. समोरची गॅलरी मग रिकामीच राहिली. तिथं वाळत घातलेलं एक फडकं ते विसरून गेले होते. मी सकाळी त्या फडक्याकडं बघत फोन लावायचो.

"पाव्हणं, आज किती?"

एका सकाळी त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, कणकण वाटतेय. मग ताप वाढला, छातीत गेला, सोलापूरला हलवलं, आणि आठवडाभरात माणूस संपला. दशरथचा फोन आला तेव्हा आईनं एकच विचारलं, "किडनी चालत होती का रे बाळा?"

"चालत होती. शेवटपर्यंत," तो म्हणाला.

आई फोन ठेवून आत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. तिनं सुतक धरलं. मी दारातून विचारलं, "आपल्याला कसलं सुतक?"

"माझ्या पोटातला तुकडा होता त्यांच्यात," ती म्हणाली. "तो जळाला तिथं. मला नाही तर कुणाला?"

"मग मला?"

आईनं केस पुसता पुसता बराच विचार केला. शेवटी म्हणाली, "तुझ्यात त्यांची बायको आहे. तुला काय लागू होतं, ते सांगायला कुणी नाही."

मला फार काही लागू झालं नाही. मी जग धुऊन बाथरूमच्या कोपऱ्यात पालथा घातला. सकाळी त्या फडक्याकडं बघायचो आणि परत येऊन पडायचो. पाणी प्यायचं विसरायला लागलो. वर्षभर ज्याची स्वप्नं पडायची ते पाणी विसरायला लागलो. आईला मी जग भरतोय असंच वाटत होतं, कारण मी तिला आकडे सांगत होतो. आकडे बनवायचं शिक्षण माझं पाव्हण्यांकडंच झालं होतं. रिपोर्ट मात्र बनवता येत नाही. त्या आठवड्यात क्रिएटिनिन चढलं, किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते. थोडंच, पण चढलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाणी पुरेसं घेताय ना? ही किडनी अजून नवी आहे. रागावली तर परत जाते."

मला ते ऐकून काकींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. काकींनी मला फोन केला नव्हता. मीही त्यांना केला नव्हता. काय म्हणणार होतो? 'काकी, तुमची इकडं छान आहे, तुम्ही कशा आहात?' त्यांनी नवऱ्यासाठी जे दिलं ते माझ्याकडं राहिलं होतं, आणि त्याच्या बदल्यात जे मिळालं होतं ते ओढ्याकाठी जळून गेलं होतं. साटंलोट्यात एक घर मोडलं तर दुसऱ्या घरातली मुलगी माहेरी बोलावून घेतात, हेही मला आईनंच पूर्वी कधीतरी सांगितलेलं. मी ओटीपोटावर हात ठेवून पडून राहायचो. बोलावणं आलं तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

आणि दहाव्याला बोलावणं आलं. कावळ्याकडून.

मी मास्क काढला.

आईनं फोन वळवला. बाभळीवर तीन-चार कावळे होते. त्यातला एक सगळ्यांत खालच्या फांदीवर, मान वाकडी करून. पडद्याच्या कडेला काकी बसलेल्या दिसल्या. डोक्यावर पदर, नजर दगडाकडं. त्यांनी फोनकडं पाहिलं नाही.

"पाव्हणं," मी कावळ्याला म्हणालो, "मी शार्दूल."

कावळ्यानं मान दुसऱ्या बाजूला वाकडी केली.

"किडनी बरी आहे."

"असं मोघम नगं," आप्पांचा आवाज आला. "सबूद दे."

"गोळ्या वेळेवर घेईन."

"आनखी?"

"बाहेरचं खाणार नाही. गर्दीत जाणार नाही. फळं धुऊन, साल काढून खाईन. कुंड्यांना हात लावणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "कुंड्या कशापायी?"

"मांजर पाळणार नाही," मी म्हणालो.

किडनीवाल्यानं घरी घ्यायची काळजी इतक्या तपशिलात त्या कावळ्याला याआधी कुणी सांगितली नसणार. तो सरकत सरकत फांदीच्या टोकाशी आला आणि थांबला. भटजी म्हणाले, "ऊन चढलं." आप्पा म्हणाले, "बोल की पोरा, मनातलं बोल. पाठ केल्यावानी नगं."

माझ्याकडं आणखी काही नव्हतं. डिस्चार्जचा कागद संपला होता. मला हसू येईल असं वाटलं, कारण अशा वेळी मला हसूच येतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"पाव्हणं, आज मी मोजलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यापासनं मोजलंच नाही. आईला खोटे आकडे सांगतोय. कुणासाठी मोजू? विचारणारं कोण आहे?"

पडद्याच्या कडेला काकींचा पदर हलला. त्यांनी मान वर केली आणि फोनकडं पाहिलं. त्याच क्षणाला कावळ्यानं पंख उघडले, आणि नेटवर्क गेलं.

कावळा माझ्या हातात थिजला. पंख पसरलेले, पाय फांदीपासून इंचभर वर, चोच उघडी. खाली काकींचा वर केलेला चेहरा, त्याचे चौकोन चौकोन झालेले. रागावल्या होत्या की रडत होत्या, ते चौकोनांवरून कळत नव्हतं. मी फोन हलवून पाहिला, जसं काही हलवल्यानं कावळा उतरणार होता. मग पडदा काळा झाला आणि त्यात माझी भाकरी दिसली.

मी उलट फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग वरणभात गरम केला आणि खाल्ला नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर ते फडकं होतं. दुपारभर मी हाच हिशेब करत होतो, की समोरून हात करणारा माणूस गेला, विचारणारा गेला, आणि आता मी आईसकट सगळ्या गावासमोर, एका कावळ्यापाशी, खोटारडा ठरलो होतो. जिची किडनी त्या बाईसमोर ठरलो होतो, हे सगळ्यांत वाईट.

दिवे लागायच्या सुमारास आईचा फोन आला.

"शिवला," ती म्हणाली.

"खरंच?"

"अरे, तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत झडप घातली. सगळे बघतच राहिले."

"आणि काकी?"

"त्या बऱ्या आहेत. मी उद्या दुपारपर्यंत येते. आणि शार्दूल..."

"काय?"

"आल्यावर बोलू," ती मास्तरणीच्या आवाजात म्हणाली. शाळेत असताना 'आल्यावर बोलू'चा अर्थ काय असायचा, ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावरच होतो. फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'पाव्हणं'.

मेलेल्या माणसाचा फोन आला तर काय करायचं, याबद्दल डिस्चार्जच्या कागदात काही लिहिलेलं नव्हतं. मी मास्क लावला आणि उचलला.

तिकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. मागं कुठंतरी शेळी ओरडत होती. मग बाईचा आवाज आला, कोरडा, बसलेला.

"आज किती?"

"काकी?"

"किती ते सांग."

"काकी, मी... मोजायचं राहिलंय."

"मग जा. मोज. मी थांबते."

"फोन चालू ठेवून?"

"थांबते म्हणलं न्हवं."

मी बाथरूममध्ये गेलो. जग सुलटा केला. त्यात कोळ्यानं संसार थाटला होता. त्याला बाहेर काढलं, जग धुतला. फोन बाहेर पलंगावर, आणि त्यात बार्शीकडची एक बाई, नवऱ्याला जाऊन अकरावा दिवस, माझ्यासाठी थांबलेली. मी परत आलो आणि आकडा सांगितला. फार नव्हता. एक थेंबही वाढवला नाही.

"कमी हाय," काकी म्हणाल्या.

"हो."

"पानी पी. आत्ता. मला आवाज ऐकू आला पायजेल."

मी मास्क खाली केला, तांब्या तोंडाला लावला, आणि फोन गळ्याशी धरून घटाघटा प्यालो. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये मला ठसका लागला तर म्हणाल्या, "सावकाश." मग म्हणाल्या, "उद्या करते," आणि फोन कट झाला.

क्रिएटिनिन दोन आठवड्यांत उतरलं. डॉक्टरांनी गोळ्यांना श्रेय दिलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. चेहरा माणसाचा झालाय. सिमेंटच्या डीलरकडं परत गेलो, मग स्वतःची एजन्सी घेतली, तीही सिमेंटचीच. 'गोवा फायनल'मध्ये मी अजून आहे. तिथं आता पोरांच्या वाढदिवसांचे फोटो येतात. आणि कावळ्याची गोष्ट मी फार ठिकाणी सांगितली. लग्नात, साखरपुड्यात, बँकेच्या रांगेत. माझ्या शब्दावर कावळा शिवला, हे मला बायोडेटात घालावं असं वाटायचं. या सगळ्या काळात सकाळी एक फोन मात्र कधी चुकला नाही. जग मोजायची गरज केव्हाच संपली होती. काकींना ते सांगून पाहिलं. "तुझी गरज संपली आसंल," त्या म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात मी धंद्याच्या कामानं बार्शीला गेलो आणि येताना रसवंतीवर थांबलो. दशरथ मशीनवर होता. घुंगरं वाजत होती. काकी गल्ल्यापाशी बसून बर्फ फोडत होत्या आणि प्रत्येक ग्लासात मोजून खडे टाकत होत्या. मला पाहून त्या उठल्या, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, आणि पिशवीतून एक थर्मास काढला.

"घे. उकळल्यालं हाय."

"काकी, मी रसवंतीवर येऊन पाणी पिऊ?"

"मग काय रस देऊ? ह्यो चरक दिवसभर उघड्यावर आसतो."

माझ्या शेजारी बसलेला ट्रक ड्रायव्हर रस पीत होता. ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत होते. मी थर्मासातलं कोमट पाणी घोट घोट प्यालो.

"त्रास हुतोय का?" काकींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बघून गार वाटतं."

काकींचा बर्फ फोडणारा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, "काकी, एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी कावळा शिवला तो माझ्या नक्की कुठल्या वाक्यावर? मांजराच्या की शेवटच्या? लोक विचारतात."

"कुठला शिवतोय," काकी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोन बंद पडला तसा उडाला आन् पल्याड गेला, वढ्याच्या. समदेच गेले. भटजी म्हणलं, आता दर्भाचा करा. दर्भाचा कावळा केला, त्यो लावला पिंडाला, शिवला म्हणलं, आन् घरी आलो."

"पण आई म्हणाली, झडप घातली!"

"तिला मीच सांगितलं तसं सांगाय. म्हणलं, पोरगं खोलीत एकलं हाय. तशानं पानी बी सोडंल."

माझ्या डोळ्यांसमोरून सगळी लग्नं, सगळे साखरपुडे आणि बँकेची रांग गेली. दशरथ मशीनवरून माझ्याकडं बघून हसत होता. त्यालाही माहीत होतं. बहुतेक सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

"मग तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन कशाला केलात?" मी म्हणालो. "मला वाटलं, कावळा शिवला, पाव्हण्यांनी मला मानलं, म्हणून..."

"शिवला आस्ता तर कशाला केला आस्ता?" काकींनी बर्फावर फडकं टाकलं. "मानूस सुटला म्हणून गप बसले आस्ते. न्हाई शिवला. म्हणलं, ह्यांचं ऱ्हायलंय तरी काय? दुकानाचं बोललो, पोरीचं बोललो, त्यातलं कायबी न्हवतं. मग तुझं आठवलं. इचारनारं कोन हाय, म्हणलास न्हवं? तेच काम हुतं त्यांचं रोजचं. ते ऱ्हायलं हुतं. मग मी धरलं."

मी काहीतरी बोलणार होतो. काहीतरी गमतीचं बोललो असतो. पण माझ्या लक्षात आलं, की माझा हात शर्टाच्या खालच्या बटणापाशी जाऊन थांबलाय, ओटीपोटावर. काकींनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"सकाळी फोनवर गाडीत हाय म्हणलास, सांगितलं न्हाईस आजून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आज किती?"

मी सांगितला. थोडा वाढवून सांगितला.

"नळाचं घातलंस," काकी म्हणाल्या.

रसवंतीच्या मागं चिपाडांचा ढीग होता. त्यावर एक कावळा येऊन उतरला. काळाभोर, मोठा. मान वाकडी करून तो आधी माझ्याकडं बघायला लागला, मग काकींकडं, मग काउंटरवरच्या भरल्या ग्लासाकडं. तो दोन उड्या मारून जवळ आला, आणि आणखी एक मारणार तेवढ्यात काकींनी उसाचं कांडं उचललं आणि नेम धरून हाणलं.

"हाड!" त्या म्हणाल्या. "आत्ता न्हाई. आजून काम हाय."